गच्चीवरच्या गॅस बार्बेक्यूची निगा

ठाकुर्लीसारख्या दाट वस्तीत कोळशाचा धूर वरच्या मजल्यांवर गेला की तक्रार येतेच. म्हणून गच्चीवरच्या पार्टीसाठी गॅसचा बार्बेक्यू सोयीचा. पण त्याचा वापर होतो तो थंडीतल्या मोजक्या रात्री. पुढे मार्च-एप्रिलचं ऊन, मग चार महिने पाऊस आणि उल्हास खाडीकडून येणारी दमट हवा. त्यामुळे आपल्याकडे हे यंत्र वापरून जितकं बिघडत नाही, तितकं नुसतं पडून राहून बिघडतं.

भाजून झाल्यावर लगेच

शेवटचा टिक्का उतरवला की झाकण लावून दहा मिनिटं आच मोठी ठेवा. चिकटलेला मसाला जळून सुटा होतो. मग गॅस बंद करून जाळी कोमट असतानाच घासा. त्यासाठी काथ्या किंवा नारळाची शेंडी उत्तम. तारेच्या ब्रशचे तुटलेले केस जाळीत अडकून अन्नातून पोटात जाऊ शकतात. अशा रुग्णांची नोंद अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०१२ मध्ये केली होती.

जाळी बिडाची असेल तर ती बिडाच्या तव्यासारखीच सांभाळायची: साबणात भिजत घालायची नाही, कोरडी करून तेलाचा हात फिरवायचा. स्टीलच्या जाळीला गरम पाणी आणि खायचा सोडा पुरतो.

तेलाचा ट्रे

बार्बेक्यूला लागणाऱ्या आगीचं नेहमीचं कारण म्हणजे खालच्या ट्रेमध्ये साचलेलं तेल आणि चरबी. ट्रे दर वेळी रिकामा करा. तेल जुन्या वर्तमानपत्राने टिपून कचऱ्यात टाका. गच्चीच्या पन्हळीत ओतू नका, नाहीतर ती पावसाच्या तोंडावर तुंबते. ट्रे पेटलाच तर पाणी टाकायचं नाही. सिलिंडरपर्यंत सुरक्षित हात पोचत असेल तर गॅस बंद करा, आणि आग लहान असेल तर खायचा सोडा किंवा कोरडी वाळू टाका.

बर्नर

ज्योत निळी आणि स्थिर हवी. ती पिवळी होऊन नाचू लागली, जाळीवर काजळी धरली किंवा पेटवताना ‘भप्प’ आवाज झाला, तर हवा नीट मिसळत नाही असं समजा. बर्नरची भोकं पिनेने किंवा बारीक तारेने मोकळी करा, पण भोक मोठं होऊ देऊ नका. बर्नरच्या मागच्या टोकाला, जिथे गॅसमध्ये हवा मिसळते, तिथे कोळी जाळं करतात आणि कुंभारीण मातीचं घर बांधते. वाट अडली की गॅस मागे फिरतो आणि ज्योत नॉबपाशी पेटू शकते. म्हणून महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या यंत्राचं हे टोक उघडून पाहिल्याशिवाय काडी लावू नये.

नळी, रेग्युलेटर, सिलिंडर

तारेची वीण आत असलेली, आयएसआय चिन्हाची सुरक्षा नळी वापरा आणि दर पाच वर्षांनी बदला. गच्चीवरच्या उन्हात रबर लवकर तडकतं, त्यामुळे भेग दिसली की मुदतीची वाट पाहू नका.

सिलिंडरच्या कड्याखालच्या पट्टीवर ‘सी-२७’ सारखी खूण असते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. त्या काळानंतर सिलिंडरची चाचणी व्हायला हवी, म्हणून मुदत उलटलेला सिलिंडर घेऊ नका. सिलिंडर नेहमी उभाच ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली साचतो, म्हणून तळघरात किंवा गटाराच्या झाकणाजवळ सिलिंडर नको.

घरी पाइपचा गॅस असेल तर नळी जोडून तो गच्चीवर नेऊ नका. त्याचा दाब आणि जेटचं भोक दोन्ही वेगळी असतात, शिवाय अशी जोडणी परवानाधारक माणसाचंच काम.

गळतीची चाचणी

नॉब बंद ठेवून रेग्युलेटर चालू करा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून कधीही पाहू नका. वास आल्यास रेग्युलेटर बंद करा, विजेची बटणं न दाबता लांब व्हा आणि १९०६ या आणीबाणी क्रमांकावर कळवा.

पेटवताना

आधी झाकण उघडा, मग गॅस सोडा. बंद झाकणाखाली साचलेला गॅस एकदम भडकतो. दहा सेकंदांत पेटला नाही तर नॉब बंद करून पाच मिनिटं थांबा.

पावसाळ्याआधी

मे संपण्यापूर्वी सिलिंडर काढून घ्या. बर्नर आणि जाळी पुसून, तेल लावून घरात ठेवा. उरलेल्या सांगाड्यावर ताडपत्री टाका, पण खालून हवा खेळती राहू द्या. घट्ट गुंडाळलं तर आतल्या ओलीनेच गंज चढतो.

पाऊस सरल्यावर पहिल्या पार्टीआधी बर्नर, नळी आणि साबणपाण्याची चाचणी या तीन गोष्टी तपासा. एकीतही खोट निघाली, तर त्या दिवशी पनीर घरातल्या तव्यावर भाजा.