मूल, प्राणी आणि जयपूरच्या गल्ल्या

जयपूरच्या रामनिवास बागेत १८७७ साली प्राणिसंग्रहालय स्थापन झाले. तेव्हापासून कित्येक पिढ्यांची मुले वडीलधाऱ्यांचे बोट धरून तेथे वाघ-सिंह पाहावयास येत राहिली. २०१६ साली शहराबाहेर नाहरगड जैविक उद्यान खुले झाले आणि हे मोठे पशू तिकडे गेले. परंतु प्राणी पाहण्यासाठी जयपूरच्या मुलाला तिकीट काढण्याची गरज तशी कधीच नव्हती. आमेरच्या वाटेवर हत्ती भेटतो, गलत्याच्या कुंडांपाशी माकडांच्या टोळ्या असतात, आणि घराचा उंबरठा ओलांडताच गल्लीतला कुत्रा शेपूट हलवीत उभा असतो. येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या माणसांना तो जणू दिसतच नाही. दोन वर्षांचे मूल मात्र हातातली बाहुली टाकून त्याच्याकडे धाव घेते.

ही ओढ कोणी शिकवावी लागत नाही. इटलीतील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत मोठा बोलका आहे. केवळ दोन दिवसांच्या अर्भकांसमोर त्यांनी पडद्यावर प्रकाशाचे काही ठिपके हलविले. एका बाजूचे ठिपके चालत्या कोंबडीच्या सांध्यांप्रमाणे हलत होते, तर दुसऱ्या बाजूचे कसेही. कोंबडी म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक असणे शक्यच नव्हते, अशी ती अर्भके सजीवाच्या चालीकडे अधिक वेळ पाहत राहिली. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात लहान मुलांना आकर्षक खेळणी आणि पेटीतले जिवंत प्राणी एकाच खोलीत दिले होते. मुलांचा ओढा प्राण्यांकडे अधिक राहिला, आणि प्रश्नही त्यांनी प्राण्यांविषयीच अधिक विचारले. ज्या पूर्वजांचे पोट शिकारीवर आणि प्राण श्वापदांपासून दूर राहण्यावर अवलंबून होते, त्यांच्या वंशजांची नजर हलत्या जिवाकडे आधी वळावी यात नवल ते काय?

मात्र निसर्गाने पाहण्याची ओढ दिली, पारख दिली नाही. ब्रिटनमधील संशोधकांनी लहान मुलांना कुत्र्यांची चित्रे दाखविली, तेव्हा दात विचकून गुरगुरणारा कुत्रा हसत आहे असे त्यांतील अनेकांना वाटले. माणसाचे दात दिसतात ते हसताना. मुलाचा तर्क त्याच्या परीने बरोबरच म्हणावयाचा. तो चुकतो तेथे दंश होतो. रेबीजचा संशय असलेल्या प्राण्यांनी चावा घेतलेल्या दर दहा व्यक्तींत सुमारे चार पंधरा वर्षांखालील मुले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलाची उंची बेताची. म्हणून चावा पुष्कळदा तोंडावर किंवा मानेवर बसतो, आणि तेथून रोगाच्या विषाणूला मेंदूपर्यंतचा मार्ग जवळचा असतो. लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्यच.

मग मुलाला घरात कोंडावे, की कुत्र्यांचा नायनाट करावा? कुत्रे मारण्याचा उपाय अनेक शहरांनी करून पाहिला. त्यातून फारसे हाती लागत नाही, कारण रिकाम्या झालेल्या गल्लीत नवे कुत्रे येतात, आणि ते लस न टोचलेले असतात. जयपुरात १९९४ च्या नोव्हेंबरपासून वेगळी वाट धरली गेली. ‘हेल्प इन सफरिंग’ या प्राणिसेवी संस्थेने गल्लीतले कुत्रे, विशेषतः माद्या, पकडून त्यांचे निर्बीजीकरण केले, त्यांना रेबीजची लस टोचली आणि ज्या गल्लीतून आणले तेथेच परत सोडले. २००२ च्या अखेरपर्यंत अशा कुत्र्यांची संख्या पंचवीस हजारांच्या आसपास गेली. या कामाचा वृत्तांत २००६ साली एका पशुवैद्यकीय नियतकालिकात आला. त्या भागातील सुमारे ६५ टक्के माद्यांपर्यंत कार्यक्रम पोहोचला होता, कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली होती, आणि तेथे माणसांतील रेबीजचे रुग्ण शून्यावर आले होते. शहराच्या ज्या भागात हे काम झाले नाही, तेथे ते वाढले होते.

यामागील कारण गूढ नाही. विषाणूला जगण्यासाठी एका कुत्र्यातून दुसऱ्या कुत्र्यात जावे लागते. पुरेसे कुत्रे लसीने सुरक्षित झाले की पुढचा कुत्रा त्याला सापडत नाही आणि साखळी तुटते. गल्लीही रिकामी होत नाही. ओळखीचा कुत्रा आपल्या जागेवरच राहतो.

तरीही चावा झालाच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावयाचा असतो. पाश्चरने १८८५ साली नऊ वर्षांच्या योसेफ माइस्टरला लस टोचली, तेव्हापासून हा मृत्यू टाळता येतो. अडचण अशी की रागावण्याच्या भीतीने मूल पुष्कळदा चावा लपविते. म्हणून घरच्यांनी रागावणे नंतरसाठी राखून ठेवावे.

निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्याच्या कानाचा लहानसा तुकडा खुणेसाठी कापलेला असतो. ही खूण मुलाला एकदा दाखविली की ते रस्त्याने जाताना प्रत्येक कुत्र्याचा कान न्याहाळू लागते. लसीचा प्रभाव कालांतराने ओसरतो, तेव्हा ही खूण म्हणजे हात लावण्याची परवानगी नव्हे, हेही त्याच वेळी सांगावे लागते. शेपूट कशी आहे, कान मागे गेले आहेत काय, कुत्रा जेवतो आहे की पिल्लांपाशी आहे, हे मूल मग दोन पावले दूर उभे राहूनच पाहते, आणि घरी येऊन आपल्या गल्लीत कान कापलेले किती आणि न कापलेले किती, याचा हिशेब देते.