यंदा कोणते नाटक येणार?
अंदाज बांधण्याचे शास्त्र

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतील जंगलाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. धान घरात आले, दिवाळी झाली, की इथे नाटकांचा हंगाम सुरू होतो. तो होळीपर्यंत चालतो. रात्री उघडलेला पडदा पहाटेच पडतो. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा (देसाईगंज) हे या नाट्यकंपन्यांचे मुख्य ठाणे. याच रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

हंगामाआधी गावोगावी आणखी एक खेळ रंगतो. तो म्हणजे अंदाजांचा! अमुक कंपनी यंदा कोणते नाटक आणणार? कौटुंबिक की ऐतिहासिक? नायक तोच की नवा? तुम्ही म्हणाल, या गप्पांचा विज्ञानाशी काय संबंध? संबंध आहे. गावातील मंडळ कंपनीशी रक्कम ठरवून प्रयोग घेते आणि तिकिटे विकून खर्च भरून काढते. अंदाज चुकला, तर मंडप रिकामा राहतो आणि पैशाची खोट मंडळाला येते.

सुरुवात कोठून करावी?

समजा, एका कंपनीने मागील १० हंगामांत ७ वेळा कौटुंबिक नाटक आणले. मग यंदाही तसेच नाटक येण्याची शक्यता प्रथम ७० टक्के धरावी. त्यानंतर नवी माहिती मिळेल तशी ती वाढवावी किंवा कमी करावी. कोणी छातीठोकपणे सांगितले म्हणून एकदम १०० वर उडी मारू नये.

दहा तोंडे, एक बातमी

"दहा जणांनी सांगितले, म्हणजे खरेच असणार!" असे आपण म्हणतो. पण त्या दहाही जणांनी ती बातमी एकाच पानठेल्यावर ऐकली असेल, तर पुरावा दहा नव्हे, एकच! प्रत्येकाने स्वतंत्रपणे विचार केला असेल, तर गोष्ट वेगळी. इंग्लंडमधील प्लिमथ येथे १९०६ साली एका प्रदर्शनात बैलाचे मांस किती भरेल, हे ओळखण्याची स्पर्धा होती. फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाने ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. अंदाज चढत्या क्रमाने लावल्यावर मधला आकडा निघाला १२०७ पौंड. प्रत्यक्ष वजन होते ११९८ पौंड. चूक एक टक्क्याहूनही कमी! प्रत्येकाने आपली चिठ्ठी वेगळी लिहिली होती, म्हणून एकाची चूक दुसऱ्याच्या चुकीने भरून निघाली.

अंदाजाला गुण द्या

बरोबर आलेले अंदाज आपण मिरवतो, चुकलेले विसरतो. म्हणून अंदाज आधी लिहून ठेवावा. अमेरिकेच्या हवामान खात्यातील ग्लेन ब्रायर यांनी १९५० साली अंदाज तपासण्याची एक सोपी रीत मांडली. शक्यता ० ते १ या आकड्यांत लिहायची. घटना घडली तर १, न घडली तर ०. दोहोंतील फरकाचा वर्ग करायचा आणि शेवटी सर्व वर्गांची सरासरी काढायची. सरासरी जितकी लहान, तितका अंदाज चांगला.

दोन मित्रांनी प्रत्येकी ४ अंदाज केले आणि दोघांचेही २ बरोबर आले, असे समजा. पहिल्याने दर वेळी ०.९ लिहिले, दुसऱ्याने ०.६.

पहिला : (०.०१ + ०.०१ + ०.८१ + ०.८१) ÷ ४ = ०.४१
दुसरा : (०.१६ + ०.१६ + ०.३६ + ०.३६) ÷ ४ = ०.२६

बरोबर अंदाज सारखेच, तरी पहिला बराच मागे पडला! कारण चुकतानाही तो फार ठाम होता. आणखी एक गंमत पाहा. डोळे मिटून दर वेळी ०.५ लिहिणाऱ्याची सरासरी ०.२५ येते. म्हणजे तो या दोघांच्याही पुढे!

करून पाहा

पुढील हंगामाआधी वर्गात एक वही ठेवा. नाटकाचा प्रकार, नायक, प्रयोगाची तारीख याविषयी प्रत्येकाने दुसऱ्याला न विचारता आपला अंदाज आणि त्याची शक्यता लिहावी. झाडीपट्टीत राहत नसाल, तर उद्याच्या पावसावर हाच प्रयोग करता येईल. होळी झाली, की शिक्षकांसमोर वही उघडा आणि सरासरी काढा. वर्गात सर्वांत मोठ्याने बोलणारा पहिला येतो का, तेही ताडून पाहा!