स्मार्ट प्रेशर ट्रान्समीटर: दोन तारांवरचे मोजमाप

तेलशुद्धीकरण कारखान्याच्या किंवा औष्णिक वीजकेंद्राच्या नियंत्रण कक्षात दिसणारे दाबाचेच नव्हे, तर पातळीचे आणि प्रवाहाचेही पुष्कळ आकडे प्रेशर ट्रान्समीटरकडून येतात. कारण टाकीतील द्रवाची उंची तळावरच्या दाबावरून काढता येते आणि पाइपातील प्रवाह ऑरिफिस प्लेटच्या, म्हणजे वाटेत बसवलेल्या भोकाच्या चकतीच्या, दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरकावरून ठरवता येतो.

प्रक्रियेतील द्रव किंवा वायू ज्याला भिडतो तो डायफ्रॅम हा धातूचा पातळ पडदा असून, त्यामागे भरलेले सिलिकोन तेल दाब आतल्या सेन्सरपर्यंत पोहोचवते. रोझमाउंटच्या 1151 मालिकेतील कपॅसिटन्स सेन्सरचा मधला पडदा पूर्ण दाबालाही जेमतेम 0.1 मिलिमीटर सरकतो, तर योकोगावाच्या उपकरणांत सिलिकॉनच्या सूक्ष्म रेझोनेटरची कंपनसंख्या दाबानुसार बदलते. एवढ्या नाजूक हालचालीत तापमानाचा परिणाम सहज मिसळतो. हनीवेलने 1983 मध्ये एसटी 3000 हा मायक्रोप्रोसेसरयुक्त ट्रान्समीटर आणला, तेव्हापासून या अडचणीवर वेगळा इलाज रुळला: प्रत्येक सेन्सर वेगवेगळ्या तापमानांना आणि दाबांना कारखान्यातच तपासायचा, त्याचे गुणदोष स्मृतीत नोंदवायचे आणि मोजतेवेळी त्यानुसार दुरुस्ती करायची.

हे सारे गणित ज्या विजेवर चालते ती फारच तुटपुंजी असते. शून्य दाबाला 4 आणि पूर्ण दाबाला 20 मिलिअँपिअर असा संकेत ज्या दोन तारांवरून जातो, त्याच तारांवरून उपकरणाला वीजही मिळते, त्यामुळे प्रोसेसरसकट सगळा संसार 4 मिलिअँपिअरच्या आत भागवावा लागतो. याच प्रवाहावर हार्ट ही संदेशपद्धती 1200 आणि 2200 हर्ट्झच्या बारीक लहरी चढवते. त्यांची सरासरी शून्य असल्याने मूळ आकडा ढळत नाही आणि तंत्रज्ञाला हातातल्या कम्युनिकेटरवरून रेंज, म्हणजे 4 आणि 20 मिलिअँपिअर कोणत्या दाबांना द्यायचे ते, बदलता येते. या सोयीतून एक गैरसमज मात्र फोफावला. कम्युनिकेटरवरून रेंज बदलणे म्हणजे कॅलिब्रेशन नव्हे. त्यासाठी प्रमाणित दाब प्रत्यक्ष लावून सेन्सरचे वाचन त्याच्याशी पडताळावेच लागते.

उपकरणाची अचूकता कागदावर कितीही असली, तरी मोजमापाची खरी कसोटी त्याच्या बाहेर लागते. ऑरिफिसवरील दाबफरक प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने प्रवाह एक दशांशावर आला की फरक एक शतांश उरतो, आणि तेथे झिरोतील किरकोळ चूकही प्रवाहाच्या आकड्यात मोठी होऊन उतरते. बॉयलर ड्रमची पातळी मोजताना वाफेकडील इम्पल्स लाइन, म्हणजे दाब ट्रान्समीटरपर्यंत आणणारी बारीक नळी, पाण्याने भरलेली ठेवतात. ते पाणी निघून गेले तर दाबफरक घटतो आणि ड्रम भरल्याचे दिसते, प्रत्यक्षात पाणी कमी असले तरीही. ट्रान्समीटरच्या दृष्टीने यात काहीच बिघडलेले नसते, कारण त्याने आपल्यापर्यंत आलेला दाब बिनचूक मोजलेला असतो.

अलीकडची काही उपकरणे दाबातील नैसर्गिक थरथर सतत तपासतात आणि ती नेहमीपेक्षा वेगळी वाटली की इम्पल्स लाइन तुंबल्याची शंका नोंदवतात. परंतु प्रवाहच थांबल्यानेही थरथर मंदावू शकते, तेव्हा मॅनिफोल्डचे, म्हणजे ट्रान्समीटरला जोडलेल्या व्हॉल्व्हसंचाचे, व्हॉल्व्ह फिरवून लाइन मोकळी आहे की नाही हे पाहायला कोणाला तरी ट्रान्समीटरपाशी जावेच लागते.