लोखंडाचं काजळ

मावळात इंदुरीला दाभाड्यांच्या किल्ल्याखालून इंद्रायणी वाहते. तिथल्या कोरड्या वाळूत लोहचुंबक फिरवला की त्याला काळ्या कणांची दाढी फुटते. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातून झिजून आलेलं हे लोखंडाचं चुंबकीय ऑक्साइड, म्हणजे मॅग्नेटाइट. नदीनं युगानुयुगं दळूनही कण डोळ्यांना दिसण्याइतका मोठाच राहिला.

पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात सुधा भोरसकर यांच्या गटानं तो दळलाच नाही, वाफेतून घडवला. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ए. के. दास यांच्या साथीनं केलेलं मॅग्नेटाइटच्या गोल नॅनोकणांचं त्यांचं काम २००४ मध्ये प्रसिद्ध झालं.

हे कण घडवणाऱ्या भट्टीत आगीची ज्योत नसते, विजेची ठिणगी असते, आणि ती विझूच देत नाहीत. वर टंगस्टनचं टोक, खाली ग्रॅफाइटच्या मुशीत लोखंडाचा तुकडा, मधे आरगॉन वायू. विजेनं वायूच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात, त्याचा प्लाझ्मा होतो. त्याच्या गाभ्याचं तापमान दहा हजार अंशांच्या घरात. लोखंड २,८६२ अंश सेल्सिअसला उकळतं, तेव्हा इथं त्याची वाफ व्हायला कितीसा वेळ लागणार!

पण खरी करामत आचेत नाही, निवण्यात आहे. वाफ ऑक्सिजनला भेटते, ठिणगीपासून दूर सरताच झपाट्यानं निवते आणि कणांना वाढायला सवडच मिळत नाही. पाण्यानं गार ठेवलेल्या भिंतीवर त्यांची भुकटी साचते. ती खरवडून घ्यायची. आजी दिव्यावर तांब्याची ताटली धरून काजळ पाडायची, त्यातलीच ही युक्ती. कण एवढे बारीक, की केसाच्या जाडीत हजार-दोन हजार ओळीनं बसावेत.

ऑक्सिजनचं मात्र सांभाळावं लागतं. कमी पडला तर नुसतं लोखंड उरतं. बेतानं दिला तर काळं मॅग्नेटाइट. आणखी दिला तर तपकिरी मॅगहेमाइट. जुन्या कॅसेटच्या फितीवर हेच मॅगहेमाइट माखलेलं असे, म्हणजे आपली कितीतरी नाट्यगीतं गंजाच्या या भावंडानंच जपली. लाल हेमाटाइटला मात्र चुंबक जवळजवळ ओळखतच नाही.

या भट्टीची एक खोड आहे: एका घाण्यातले सगळे कण सारख्या मापाचे निघत नाहीत. साधारण वीस नॅनोमीटरखालचा कण चुंबक दूर होताच चुंबकपण विसरतो, मोठा कण ते धरून ठेवतो. औषधासाठी रक्तात सोडायचे तर विसरणारेच बरे, नाहीतर एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतील. लोखंडाचे क्षार आणि अमोनिया वापरून साध्या चंचुपात्रातही असे कण पाडता येतात, भट्टीपेक्षा कितीतरी स्वस्तात. पण त्यात मागं उरलेले क्षार धूत बसावं लागतं. भट्टीतली भुकटी कोरडीच हाती येते.