घराला खोल्या जोडताना

हिंगणघाट, आर्वीकडे मुलाचे लग्न ठरले की अंगणात दोन खोल्या काढायची बोलणी निघतात. ठेकेदार चौरस फुटाचा दर सांगतो, आपण गुणाकार करून मोकळे होतो. पण आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत गेला नाही तर भिंती तडकतात. म्हणून आधी खड्डा खणून मुरूम किती फुटांवर लागतो ते पाहावे. तेवढा खोल पाया दरात धरला आहे काय, हे लिहून घ्यावे. नगरपरिषदेची परवानगी, संडास, वेगळे वीजमीटर यांचा खर्च निराळा. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे. त्याआधीचे अंदाजपत्रक बदलून मागावे. दुकानाचे भांडवल मात्र विटांत घालू नये. ईदचा माल मग उधारीने चढ्या भावात उचलावा लागतो, आणि तो फरकही बांधकामाचाच खर्च.