रिप्ले पाहताना स्क्रीन अंधुक का होते?

गेममधली लांबलचक शर्यत जिंकली, रिप्ले लावला, कंट्रोलर बाजूला ठेवला आणि ऐन रंगात स्क्रीन अंधुक झाली! टीव्ही बिघडला की काय, अशी शंका येते. पण बहुतेक वेळा हा बिघाड नसतो; कन्सोलने घेतलेली ती खबरदारी असते.

नेमके काय होते?
स्क्रीनवर हालचाल सुरू असली तरी कन्सोलचे लक्ष बटणांकडे असते. निन्टेंडो स्विचवर 5 मिनिटे एकही बटण दाबले नाही, की टीव्हीवरचे चित्र मंद होते. खेळाडू उठून गेला, असा कन्सोलचा समज होतो.

धोका कशाचा?
ओएलईडी स्क्रीनमधील प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि वापराने झिजतो. स्कोअर किंवा नकाशा तासन्‌तास एकाच जागी राहिला, तर त्याचा डाग कायमचा उमटू शकतो.

काय कराल?
अधूनमधून कंट्रोलरची स्टिक हलवा. स्विचच्या टीव्ही सेटिंगमधील ‘स्क्रीन बर्न-इन रिडक्शन’ बंदही करता येते. मात्र रिप्ले संपताच ते पुन्हा सुरू करा. बटण दाबूनही स्क्रीन उजळली नाही, तर टीव्हीचे स्वतःचे सेटिंग तपासा.