विमानतळावर पिशवी उघडतात तेव्हा

आजच्या भागात आपण विमानतळावरच्या सामान तपासणीबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, आपलं आणि विमानाचं काय नातं? पण आता तसं राहिलेलं नाही. गटाचा माल घेऊन बायका दिल्लीच्या सरस मेळ्याला जातात. कुणाची लेक बाळंतपणासाठी आईला दुबईला, अमेरिकेला बोलावते. स्वातंत्र्यदिनाच्या सोहळ्याला बचत गटांच्या बायकांना दिल्लीत पाहुण्या म्हणून बोलावणं येतं. बरेचदा पहिला विमानप्रवास असा अचानकच समोर येतो.

जाऊन आलेल्या बायकांना विचारलं तर विमान उडतानाची भीती त्या दोन वाक्यांत सांगतात. पिशवीची तपासणी मात्र सविस्तर सांगतात. "सगळ्यांदेखत माझीच पिशवी उघडली गं, मला चोरट्यासारखं वाटलं," असं सांगणारी बाई प्रत्येक गटात भेटते. म्हणून पिशवी का उघडतात, काय चालतं, काय चालत नाही, हे आज नीट समजून घेऊ. कारण कळलं की अपमान वाटत नाही, आणि मालही वाया जात नाही.

आधी सामानाचे दोन प्रकार लक्षात ठेवा. एक मोठी बॅग, जी काउंटरवर द्यायची. ती विमानाच्या पोटात जाते आणि उतरल्यावर पट्ट्यावर मिळते. तिला चेक-इनचं सामान म्हणतात. दुसरी हातातली पिशवी, जी आपल्याबरोबर सीटपर्यंत येते. देशातल्या देशात साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या चेक-इनला 15 किलो आणि हातात 7 किलो सामान नेऊ देतात. हातातली पिशवी एकच, आणि सोबत बाईची पर्स. आकडा तिकिटावर छापलेला असतो, तो आधीच बघा. घरी वजनकाटा नसेल तर किराणा दुकानात पिशवी तोलून घ्या.

तपासणी करणारे कोण असतात? आपल्या बहुतेक मोठ्या विमानतळांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, म्हणजे सीआयएसएफचे जवान असतात. डिसेंबर 1999 मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेलं आपलं विमान पळवून कंदाहारला नेलं होतं, ते जुन्या बायकांना आठवत असेल. त्यानंतर 2000 सालापासून विमानतळांची सुरक्षा या दलाकडे येत गेली. त्यांच्यात महिला जवानही असतात. बाईची अंगझडती बाईच घेते, तीही पडद्याआड.

आता पिशवी यंत्रातून जाते तेव्हा काय होतं ते बघू. दवाखान्यात एक्स-रे काढतात, तसंच हे यंत्र. पडद्यावर पिशवीतल्या वस्तू रंगांत दिसतात. लोखंड आणि इतर जड धातू निळे दिसतात. खाण्याचे पदार्थ, कापड, कागद, साबण हे नारिंगी दिसतात. अडचण इथेच आहे. बरीचशी स्फोटकंसुद्धा नारिंगीच दिसतात. त्यामुळे दाबून भरलेला बेसनाच्या लाडवांचा डबा, पुरणपोळ्यांची चवड, चटणीचं घट्ट बांधलेलं पुडकं पडद्यावर एक जाड नारिंगी ठोकळा होऊन दिसतं. आत लाडू आहे हे यंत्राला कळत नाही. मग जवान म्हणतो, "बॅग किसकी है? खोलिए." त्याला तुमच्यावर संशय नसतो, त्या ठोकळ्याचा उलगडा करायचा असतो.

कधी कधी एक छोटी कापडी पट्टी पिशवीवर, हातांवर फिरवून यंत्रात घालतात. स्फोटकाचा कण आहे का, ते त्यातून कळतं. त्याचा त्रास काही नाही, घाबरू नका.

मेळ्याला निघालेल्या एका गटाचा अनुभव ऐका. बायकांनी विचार केला, मोठी बॅग कुणी आपटली तर बरण्या फुटतील, त्यापेक्षा हातात घेऊ. घरचं कांडलेलं लाल तिखट आणि मिरचीचं लोणचं हातातल्या पिशव्यांत भरलं. तपासणीत दोन्ही बाजूला काढलं. तिखट कुणाच्या डोळ्यांत फेकता येतं, म्हणून ते विमानात आपल्याजवळ ठेवता येत नाही. विमान सुटायला वेळ थोडा होता, परत काउंटरवर जायला सवड नव्हती. आठवडाभराची मेहनत तिथेच ठेवून जावं लागलं. हाच माल चेक-इनच्या बॅगेत असता तर दिल्लीला पोचला असता. नियम घरी माहीत नव्हता, एवढंच कारण.

म्हणून ही यादी गटाच्या वहीत लिहून ठेवा.

तिखट, मसाल्याची पूड, लोणचं, तेल, तूप हे चेक-इनला द्यायच्या बॅगेत. बरणी काचेची नको. झाकणाखाली प्लास्टिकचा कागद लावा, दोन पिशव्यांत गुंडाळा आणि मधोमध कपड्यांत ठेवा. तेला-तुपाचं प्रमाण जास्त असेल तर विमान कंपनीला आधी फोन करून विचारा.

विळी, सुरी, कात्री, अडकित्ता हेही चेक-इनच्या बॅगेत. पानाचा बटवा कमरेला असतो आणि त्यातला अडकित्ता आपण विसरतो. तो आठवणीने काढा.

देवाची पिशवी वेगळी तपासा. काडेपेटी, लायटर आणि कापूर विमानाने नेऊ नका. ते पेट घेणारे पदार्थ आहेत.

सुकं खोबरं घरीच ठेवा. याचं सगळ्यांना नवल वाटतं. खोबऱ्यात तेल भरपूर असतं, ढीग बंद जागेत राहिला तर आपोआप तापून पेट घेऊ शकतो. म्हणून विमानाच्या नियमांत ते धोकादायक मालात मोडतं. ओल्या नारळालाही विचारल्याशिवाय हातात घेऊ नका. शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला नारळ हातात नेता यावा यासाठी 2024 च्या ऑक्टोबरमध्ये सरकारला खास परवानगी द्यावी लागली होती, तीही 20 जानेवारी 2025 पर्यंतच आणि पूर्ण तपासणी करून.

मोबाईल चार्ज करायच्या पॉवर बँकेचं मात्र उलटं आहे. ती चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, हातातच ठेवायची. तिच्यातल्या बॅटरीने पेट घेतला तर डोळ्यांसमोर असलेली बरी, विमानाच्या पोटात आग कुणाला दिसणार?

लाडू, चिवडा, शंकरपाळे, भाकरी हे कोरडे पदार्थ हातात चालतात. फक्त डबा पिशवीत वरच ठेवा, म्हणजे उघडून दाखवताना लुगडी-पातळं बाहेर काढावी लागत नाहीत.

परदेशी जाणाऱ्या मैत्रिणींसाठी आणखी एक नियम. ऑगस्ट 2006 मध्ये इंग्लंडच्या पोलिसांनी एक कट पकडला. सरबताच्या बाटल्यांतून पातळ स्फोटकं विमानात न्यायचा तो बेत होता. तेव्हापासून परदेशी विमानात हातातल्या सामानात पातळ पदार्थ 100 मिलिलिटरच्या आतल्या बाटलीतच न्यायचे, आणि अशा सगळ्या बाटल्या एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत बसायला हव्यात, असा नियम आला. काही विमानतळांवर आता नवी यंत्रं आली आहेत आणि तिथे हा नियम सैल झाला आहे, पण आपण 100 धरूनच चालावं. इथे बाटलीचा आकार मोजतात. 200 मिलिलिटरच्या बाटलीत चार थेंब उरले असले तरी ती अडते. आणि पातळ म्हणजे फक्त पाणी नव्हे. जे ओतता येतं, चोपडता येतं ते सगळं: तूप, च्यवनप्राश, मुरांबा, डोक्याचं तेल. बाळाचं दूध आणि गरजेची औषधं यांना सूट असते. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा.

आता प्रत्यक्ष तपासणी. मोबाईल, पॉवर बँक, पर्स ट्रेमध्ये ठेवायची. सुटे पैसे आणि काढलेला एखादा दागिना ट्रेमध्ये मोकळा टाकू नका, पर्सच्या चेनच्या कप्प्यात ठेवा. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी यांनी यंत्र वाजलं तर भिऊ नका. महिला जवान हातातलं यंत्र फिरवून बघते आणि सोडते. शरीरात पेसमेकर बसवलेला असेल तर दारातून जाण्याआधीच सांगा. पडद्याआड असताना आपली पर्स पलीकडे येऊन पडलेली असते, त्याची काळजी वाटते. म्हणून गटाने जाताना एकीने पुढे जावं आणि बाकीच्यांच्या सामानावर नजर ठेवावी.

पिशवी बाजूला घेतली तर तिथेच उभ्या राहा. ती तुमच्यासमोरच उघडायची असते. हिंदी येत नसेल तर मराठीत सांगा, "लाडू आहेत, घरचे आहेत, बघा." थट्टेतसुद्धा "बॉम्ब" हा शब्द काढू नका. तेवढ्यावरून प्रवास थांबतो, पोलीस केस होते. एखादी वस्तू नाकारली तर शांतपणे विचारा, "परत जाऊन चेक-इनला देता येईल का?" वेळ असेल तर तसं करता येतं. म्हणूनच विमान सुटायच्या दोन तास आधी पोचा. सामान घ्यायचा काउंटर बहुतेक एक तास आधी बंद होतो. आणि मूळ आधार कार्ड विसरू नका. तिकिटावरचं नाव आणि कार्डावरचं नाव एकच आहे ना, ते तिकीट काढतानाच ताडून घ्या. माहेरचं-सासरचं नाव वेगळं पडलं की दारातच खोळंबा होतो.

पुढच्या बैठकीत एक काम करा. गटात कुणी विमानाने जाऊन आली असेल तर तिला बोलतं करा. तिचं काय अडलं, काय सुटलं, ते वहीत उतरवा. नियम बदलत राहतात, म्हणून दर प्रवासाआधी विमान कंपनीला फोन करून ती वही तपासून घ्या. पुढे जाणारीच्या हातात वही असली की तिचं तिखट, तिचं लोणचं मेळ्यापर्यंत पोचेल आणि त्याचे पैसे गटात येतील.